अनुभव धागा: पुण्यातलं वाजणं – पट्टी, पान आणि ओली हवा

नदीपात्रात ताशा कडाडतो, नाना पेठेत पखवाज घुमतो, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात तंबोरे लागतात आणि त्याच शहरात ड्रम-गिटारचे बँडही वाजतात. इतक्या तऱ्हांचे वादक एका गावात असूनही एकमेकांच्या वाद्याची दुखणी आपल्याला ठाऊक नसतात. आठवणी बाजूला ठेवून वाद्याचं लिहा: सूर कशाने उतरतो, काय फुटतं आणि त्यावर काय करायचं.

ढोल-ताशा

ताशापासून सुरुवात करतो, कारण पथक त्याच्यावर चालतं. फायबरचं पान (ज्यावर काडी पडते तो ताणलेला पडदा) बोल्टने ताणताना समोरासमोरचे दोन बोल्ट धरायचे, प्रत्येकाला पाव फेरा द्यायचा आणि पुढच्या जोडीकडे जायचं. एकच बाजू आवळत गेलं की कड तिरकी बसते, काडीचा आवाज अर्ध्या पानावर कोरडा येतो आणि भर मिरवणुकीत पान तिथूनच फाटतं. चामडी पानाला शेक देऊन चढवायचे. फायबरला आच दाखवू नका, ते आक्रसून वाया जातं. ढोल ताणायला दोघे लागतात. एकाने दोर ओढून धरायचा, दुसऱ्याने कड्या सरकवायच्या. टिपरूची (काठीने वाजवायची) बाजू आधी टणक करा, थापीची (हाताने वाजवायची) जरा सैल ठेवा, नाहीतर घुमारा येत नाही.

आता खरी अडचण. लक्ष्मी रस्त्यावर पथक पन्नास मीटर लांब पसरलं की पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला साधारण ०.१५ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे मागचा वादक कानावर विसंबला तर जवळजवळ तृतीयांश ठोका मागे पडतो, आणि त्याचा आवाज पुढे येईपर्यंत तितकाच उशीर आणखी होतो. ऐकणाऱ्याला वाटतं ढोल कच्चे आहेत. म्हणून सगळे ताशे पुढे ठेवू नका, मध्ये आणि मागेही पेरा. हात (वाजवायचा ताल) बदलायचा इशारा वर उचललेल्या काडीने द्या आणि मागच्यांना डोळ्याने वाजवायला शिकवा. सरावात पथक मुद्दाम लांब पसरवून बघा. गोल करून उभं राहिलं की हा दोष दिसतच नाही.

भजनी पखवाज

आमच्याकडे चामडं आणि कणीक. डाव्या पुडीला (तोंडावरच्या चामड्याला) लावायची कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळा, मीठ-तेल काही नको. आधी पुडीचा मध्य ओल्या बोटाने पुसून घ्या, मग पुरीएवढी कणीक मधोमध थापा. खर्ज हवा असेल तर थोडी वाढवा, आवाज बसका झाला तर कडेने काढा. वाजवून झालं की लगेच ओल्या फडक्याने सोडवा. वाळलेली कणीक ओरबाडली तर चामड्याचा पापुद्रा निघतो, आणि तशीच ठेवली तर उंदीर पुडी कुरतडतात.

आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा हवा ओली असते आणि गाण्याची पट्टी चढी. पुडी सैलावून सूर उतरतो, मग गडी हातोडी घेऊन वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकत सुटतात. आधी कोरड्या फडक्याने पुडी पुसा, दहा मिनिटं थांबा, मगच ठोका. घाईत चढवलेली पुडी रात्री कोरड्या खोलीत आणखी ताणली जाते आणि सकाळी फाटलेली सापडते.

तंबोरा आणि तबला

पखवाजवाल्या माउलींनी हवेचं लिहिलं, त्याला जोडून. मंडपातल्या दिव्यांच्या उष्णतेने तंबोऱ्याच्या तारा प्रसरण पावून उतरतात, तर तबल्याचं चामडं कोरडं पडून चढतं. दोघे विरुद्ध दिशांना जातात! ग्रीनरूममध्ये लावलेली वाद्यं म्हणूनच मंचावर येताच बिनसतात. तंबोरे २० मिनिटं आधी मंचावर नेऊन ठेवा, शेवटचं लावणं तिथेच करा. काळी एकला (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) साधारण साडेपाच इंची तबला बरा, काळी चारला पाच इंची किंवा लहान. मोठ्या तोंडाचा तबला ओढूनताणून चढवला की शाई (मधला काळा लेप) सुटते. तंबोऱ्याची पहिली तार एरवी पंचमाची, पण मालकंसाला मध्यमाची आणि मारव्याला निषादाची. पंचमाचा तंबोरा तसाच मालकंसाला बसवला तर सगळी मैफल कडवट होते. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली घातलेला) केसभर सरकवला तरी नाद बदलतो, तेव्हा तो गायकाला विचारूनच हलवा.

ब्रास बँड

मिरवणुकीत प्रभात, दरबारसारखे बँड ऐकणाऱ्यांना पट्टीचं गणित दिसत नाही. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट बी फ्लॅटचे, म्हणजे त्यांचा सी ही आपली काळी पाच. ऑल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याचा सी काळी दोन. म्हणून गाणं पांढरी चारमध्ये धरलं की क्लॅरिनेटला जीची आणि ऑल्टोला डीची पट्टी येते, बोटं मोकळी चालतात. पांढरी पाच धरली की क्लॅरिनेटच्या वाट्याला तीन शार्प येतात आणि चालता-चालता सूर चुकतात. पितळ थंड असताना सूर उतरलेला असतो, म्हणून आधी पाच मिनिटं फुंकून ऊब द्या, मग सूर जुळवायची नळी (स्लाइड) हलवा. पावसात क्लॅरिनेटचे पॅड फुगतात. वाजवून झालं की आतून फडकं ओढायला विसरू नका.

लावणीची ढोलकी

थोडक्यात. आर्यभूषणसारख्या थिएटरात गळा चढा, ढोलकीही चढी. उजवीकडे शाई, डावीकडे पुडीच्या आतल्या अंगाला मसाला (घट्ट लेप). मसाला सुकून कडक झाला की घुमारा जातो. वरून कितीही आवळा, फरक पडत नाही. तो काढून नवा लावायचा, दुसरा उपाय नाही.

गिटार, पेटी आणि साउंड

२०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातच सुरू झाला, तेव्हापासून इथल्या बँडांत पेटी-तबला घेण्याची हौस वाढली आहे. साउंडचेकला सर्वात आधी पेटी ट्यूनरवर बघा. जुनी पेटी ४४० हर्ट्झला (ट्यूनरच्या नेहमीच्या मापाला) नसली तर गिटार पेटीला लावा. पेटीचे सूर मंचावर बदलत नाहीत, ते आतली धातूची पत्ती घासूनच बदलतात (टोकाकडे घासलं की चढतात, बुडाशी घासलं की उतरतात). गायकाच्या माइकला १०० हर्ट्झखाली कट द्या, पण डग्ग्याच्या माइकला अजिबात नको. तबल्याचे माइक मॉनिटरकडे (वादकाला ऐकू यायला ठेवलेल्या स्पीकरकडे) तोंड करून ठेवले तर शिट्टी येणारच. मॉनिटर तबलजीच्या बाजूला नाही, समोर खाली ठेवा. आणि रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो, तेव्हा तबला असलेला बँड आधी चढवा. त्याला लावायला २० मिनिटं लागतात, ड्रमवाल्यांना पाच पुरतात.

पुन्हा ढोल-ताशातून

साउंडवाले दादा, आमच्या पोरांना एक सांगा: ताशासमोर फोमचे इअरप्लग चालतात, पण कानात नीट पीळ देऊन घालावे लागतात. कापसाचे बोळे आवाज जवळजवळ अडवतच नाहीत.