एकाच खोबणीत बसणारी दोन औषधं, मग विषाणू एकालाच कसा चुकवतो?

जैवरसायन_विद्यार्थिनी: ओसेल्टामिविर आणि झानामिविर दोन्ही फ्लूच्या विषाणूवरच्या न्यूरामिनिडेज या एन्झाइमच्या एकाच खोबणीत बसतात. तरी एच२७४वाय या बदलानंतर (२७४ व्या जागी हिस्टिडीनऐवजी टायरोसीन) ओसेल्टामिविर निकामी होतं आणि झानामिविर चालतं, हे कसं? बदललेलं अमिनो ॲसिड तर औषधाला चिकटतही नाही.

स्फटिकवेडा: तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर दडलंय. मी हे एन्झाइम रोज स्क्रीनवर फिरवून बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात वर्गीज, लेव्हर आणि कोलमन यांनी त्याची रचना उलगडली. विषाणूचं बाहेरचं रूप कितीही बदलो, खोबणीतली अमिनो ॲसिडं जवळपास तीच राहतात, कारण पेशीच्या पृष्ठभागावरची सियालिक ॲसिड ही साखर तोडल्याशिवाय नवे विषाणू पेशीपासून सुटतच नाहीत. औषध बसवायला याहून चांगली जागा नाही. डाना नावाचा सियालिक ॲसिडसारखाच रेणू तिथे बसायचा, पण सैल. त्याच्या चौथ्या कार्बनपाशी जागा रिकामी होती आणि समोर एन्झाइमची ग्लुटामेट ही दोन ऋणभारित अमिनो ॲसिडं. तिथला हायड्रॉक्सिल काढून धनभारित ग्वानिडिनो गट लावला आणि पकड हजारो पटींनी घट्ट झाली. तेच झानामिविर. नुसती रचना बघून हे सुचलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं!

ओसेल्टामिविरमध्ये झानामिविरसारख्या ग्लिसरॉलच्या शेपटीऐवजी पाण्याला टाळणारी शेपटी आहे. ती मावायची तर २७६ व्या जागच्या ग्लुटामेटला वळून २२४ व्या जागच्या आर्जिनिनला धरावं लागतं, मगच तिच्यापुरता कप्पा मोकळा होतो. शेजारी हिस्टिडीनच्या जागी थोराड टायरोसीन आलं, की ग्लुटामेटला वळता येत नाही. औषधाला हात न लावता त्याची जागा गेली! झानामिविरची शेपटी मात्र मूळ सियालिक ॲसिडचीच. तिच्यासाठी कुणाला हलावं लागत नाही. माझ्या मते औषध मूळ रेणूच्या जितकं जवळ, तितकं ते चुकवणं विषाणूला अवघड.

प्रथिनप्रेमी: काही ठिकाणी हाच बदल २७५ म्हणून दिसेल. तो एन१ या प्रकारच्या न्यूरामिनिडेजचा क्रमांक, वरचे एन२ या प्रकाराचे.

जैवरसायन_विद्यार्थिनी: मग सरसकट झानामिविरच का देत नाहीत?

स्फटिकवेडा: ते फार ध्रुवीय, म्हणजे पाण्याकडे ओढलं जाणारं आहे, आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. म्हणून पावडर श्वासातून ओढावी लागते, आणि दम्याच्या रुग्णाला ती झेपेलच असं नाही. ओसेल्टामिविर एस्टरच्या (ध्रुवीय आम्ल झाकलेल्या) रूपात गिळता येतं, यकृतात एस्टर तुटला की खरं औषध सुटतं.