"सरकार खाडी देतं" म्हणे! चतुःसीमेच्या रकान्यात काय लिहायचं ते सांगा आधी

सूरसागरकाठचा:
काल आपल्या बडोदेकरांच्या गटात 'खाडीतला करोडपती' यांची पोस्ट फिरत होती. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नोकरीमागे काय धावता, कालवं लावा, शिनाणे (शिंपल्याचाच एक प्रकार) लावा, खायला घालावं लागत नाही, जागा सरकार देतं, अनुदान साठ टक्के, तीन महिन्यांत कागद हातात. खाली दीडशे अंगठे. दोन भाच्यांनी फोन करून विचारलं, "मामा, करूया का?" म्हणून लिहितोय, नाहीतर माझं ब्लडप्रेशर मला प्रिय आहे.

खायला घालावं लागत नाही हे खरं. कालव पाणी गाळून त्यातलंच खातं. पोस्टमधलं खरं वाक्य तेवढं एकच.

माझी सासुरवाडी देवगडकडची. मेहुणी आणि वाडीतल्या सहा जणींनी बचत गटातून शिनाण्यांचा तराफा टाकायचं ठरवलं. बांबू, पिंपं, दोर सगळं जमलं. दोराला बियाणं लावतात ते मी त्यांच्या पडवीत बसून पाहिलंय. अंगठ्याच्या नखाएवढे शिनाणे दोराभोवती पसरायचे, वरून मच्छरदाणीसारखं सुती कापड गुंडाळून शिवायचं. पाण्यात कापड कुजतं, तोवर शिनाण्यांनी आपल्या धाग्यांनी दोर पकडलेला असतो. सात बायकांनी एका दुपारी चाळीस दोर शिवले. अडलं ते कागदाशी.

मी जन्मभर हिशेबखात्यात, त्यामुळे फाईल माझ्या गळ्यात. अर्जात पहिलाच रकाना गट नंबर. खाडीला गट नंबर कुठला? तो कोरा सोडला. पुढे चतुःसीमा. पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस पाणी, उत्तरेस भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल. जे होतं ते लिहिलं. दीड महिन्याने अर्ज परत आला, शेरा: "चतुःसीमा अपूर्ण." त्यानंतर ग्रामपंचायतीचा ठराव, होड्यांच्या वाटेसाठी बंदरवाल्यांची ना हरकत, कांदळवन जवळ म्हणून वनखातं, सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांची परवानगी, ती वेगळीच. प्रत्येकजण म्हणतो, आधी दुसऱ्याचं आणा.

मुद्दा एवढाच आहे. 2005 चा किनारी मत्स्यशेतीचा कायदा झाला तो कोलंबीच्या तलावांकडे बघून. शिनाणे, कालवं, समुद्री शेवाळ त्यात नीट आलं 2023 च्या दुरुस्तीने. चांगलं झालं. पण त्या कायद्याखालची नोंदणी म्हणते, "तुम्ही हे करू शकता." "ही जागा तुमची" असं ती कुठेच म्हणत नाही. उद्या कोणी शेजारी दुसरा तराफा टाकला किंवा रात्री दोर कापून नेले, तर हातात काय आहे? आणि बँकेतला माणूस हसून विचारतो, "तारण काय, पाणी?"

खाडीतला करोडपती:
काका, निगेटिव्हिटी पसरवणं सोपं असतं. केरळात कासरगोडकडे बायकांचे गट वर्षानुवर्षं शिनाणे करतायत. त्यांनी चतुःसीमा लिहिली होती का? करणारा करतो, रडणारा पोस्ट लिहितो.

सूरसागरकाठचा:
पोस्ट आधी तुम्ही लिहिलीत. आणि साठ टक्के अनुदान महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना. तुम्हाला-मला चाळीस. तेही सरकारने ठरवलेल्या युनिटच्या खर्चावर, तुमच्या बिलांवर नाही. एवढं तरी लिहायचं होतं.

झिंगावाला जंबुसर:
दोघंही अर्धं सांगताय. माझे भरूचकडे जंबुसर तालुक्यात खार जमिनीवर झिंग्याचे, म्हणजे कोलंबीचे, आठ तलाव आहेत, सरकारी पट्ट्यावर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या जागेवर. पट्टा मिळायला चार वर्षं लागली, तेवढ्यात तीन मामलतदार बदलले. तिसरे साहेब म्हणाले फाईल सापडत नाही, तेव्हा मी झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर ठेवला. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती आणि प्रत्येकीवर आवक नंबर, हे ज्याला जमत नाही त्याने खाडीत उतरू नये.

आणि हे दरवाजे उगाच लागले नाहीत. नव्वदच्या दशकात लोकांनी किनाऱ्याला वाटेल तिथे तलाव खणले, गोड्या विहिरी खारट झाल्या, मग पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि खणणारे पळाले. 11 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, सीआरझेडमधले तलाव काढा म्हणून. किनारी मत्स्यशेतीची नोंदणी बघणारं चेन्नईचं प्राधिकरण त्यातूनच आलं. आता अर्ज घेऊन आधी कलेक्टरच्या समितीकडे जायचं. सरळ आहे. तुमच्या चुकीच्या अर्जाला कायदा काय करणार?

सूरसागरकाठचा:
सरळ आहे म्हणजे चार वर्षं?

झिंगावाला जंबुसर:
चार वर्षांत मिळालं ने! तुम्ही दीड महिन्यात रडायला बसलात.

श्रीखंडवाले आजोबा:
मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. बडोद्यात कालवं खाणार कोण? आमच्या दांडिया बाजारात घरात अंडं आणलं तर वहिनी वेगळा तवा काढते.

खाडीची लेक:
आजोबा, तुमच्या वहिनींचा तवा बाजूला ठेवा. मी लग्न होऊन बडोद्याला आले, माहेर रायगडचं, कोळीवाड्यातलं. माझी आई ओहोटीला खडपावर जाऊन कालवं फोडून आणायची. तिला कोणी पट्टा विचारला नाही, तिनेही मागितला नाही. ओहोटीची जागा गावाची.

दादा, तुमच्या मेहुणीच्या सात बायकांना जागा मिळावी हे मला पटतं. पण पट्टा नावाची वस्तू एकदा निघाली की ती सात बायकांकडे राहत नाही. ज्याच्याकडे झेरॉक्सचा गठ्ठा आणि चार वर्षं थांबायला पैसा आहे, त्याच्याकडे जाते. झिंगावाले भाऊ, राग मानू नका, तुम्हीच लिहिलंत. आमच्याकडे एका शेठने अर्ध्या खाडीला बांबू आणि दोर लावले. कागद होता की नव्हता देव जाणे. आई तिथे गेली तर राखणदार म्हणाला, "ए बाई, प्रायव्हेट आहे." खाडी प्रायव्हेट! साठ वर्षांच्या बाईला!

झिंगावाला जंबुसर:
ताई, राग मानतोय. मी कोणाची वाट अडवलेली नाही. खार जमीन नापीक पडली होती, मीठसुद्धा होत नव्हतं.

गायकवाडी पगडी:
या सगळ्या भानगडी लोकशाहीतल्या. आपल्या महाराजांच्या वेळी असलं नव्हतं. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-बेट, तेव्हा बडोदे संस्थानात. सयाजीरावांनी 1905 च्या सुमारास जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाला तिथे धाडलं, शिंपल्यांची पाहणी करायला. 1909 ला अहवाल छापला. आज जिथे झिंग्याचे एवढे तलाव आहेत ती नवसारीही आपलाच प्रांत. लोक म्हणतात बडोद्याचा समुद्राशी संबंध काय! ज्या राजाने 1906 ला सक्तीचं शिक्षण आणलं त्याच्या राज्यात एका अर्जावर काम झालं असतं.

खाडीची लेक:
कोणाच्या अर्जावर? ओखामंडळातल्या वाघेर लोकांच्या की दरबारच्या? शेजारच्या नवानगरला मोत्यांचे शिंपले दरबारचे होते. गोताखोराने परस्पर मोती ठेवला तर तो चोर. राजांच्या काळात परवानगी सोपी होती कारण एकच मालक होता.

गायकवाडी पगडी:
नवानगरचं नवानगरपाशी. महाराजांबद्दल बोलताना जरा भान ठेवा. तुम्ही ज्या गावात राहता ते त्यांनी उभं केलंय.

खाडीची लेक:
काका, मी महाराजांबद्दल अक्षर काढलेलं नाही. तुम्ही कोलंबीच्या धाग्यावर पगडी घालून आलात.

श्रीखंडवाले आजोबा:
पगडी बरोबर आहे, पण 'वेळी असलं नव्हतं' हे जरा जास्त. माझे आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात कारकून. ते म्हणत, महाराज विलायतेला गेले की फाईली पण विलायतेला जात.

गायकवाडी पगडी:
पुरावा?

श्रीखंडवाले आजोबा:
आजोबा.

सूरसागरकाठचा:
पगडीवाल्यांशी माझं पटत नाही हे गटाला माहीत आहे. तरी एक मान्य करतो, नाइलाजाने: हॉर्नेलला आधी पाहायला धाडलं. कुठे शिंपला आहे, कुठे तळ कसा आहे, हे माहीत करून घेतलं. आज खातं मला म्हणतं, जागा तुम्ही शोधा, खारटपणा तुम्ही मोजा, नकाशा तुम्ही काढा, मग आम्ही सांगतो ती चालते की नाही. हे उलटं आहे. आधी सरकारने आखून द्यावं, इथे शिनाणे चालतील, इथे होड्यांची वाट, इथे ताईंच्या आईची कालवं, हात लावायचा नाही. मग वाटा.

खाडीची लेक:
आणि आखणार कोण? तो राखणदारवाला शेठच समितीत बसला तर?
…असो. आखून दिलं आणि गावातल्या बचत गटांना पहिला हक्क दिला तर मी भांडणार नाही. आज तरी.

खाडीतला करोडपती:
मंडळी, चर्चा भरकटली. बडोद्यातल्या तरुणाने देवगडला कशाला जायचं? आपल्याला मही नदीचं मुख जवळ आहे, ढाढर नदी आहे. कावी-कंबोई दोन तासांवर.

झिंगावाला जंबुसर:
आता मात्र हसू आलं. भाऊ, कंबोईला स्तंभेश्वर महादेव भरतीला अख्खा बुडतो ते पाहिलंय का? खंभातच्या आखातात पाणी इतकं चढतं-उतरतं आणि त्यात इतका गाळ, की तुमचा तराफा संध्याकाळी कुठल्या गावात सापडेल सांगता येणार नाही. दुसरं, बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी नेणारी वाहिनी आमच्याच तालुक्यात सारोदजवळ महीच्या मुखाशी सुटते. कोलंबीचा तलाव मी बांध घालून सांभाळतो, पाणी कधी घ्यायचं ते ठरवतो. कालव सगळं पाणी गाळतं, जे असेल ते पोटात ठेवतं. ते तुम्ही लोकांना लिंबू पिळून खायला देणार?

सूरसागरकाठचा:
हे मला सुचलं नव्हतं. आभार, झिंगावाले.

झिंगावाला जंबुसर:
आभार नको. मी अजून म्हणतो अर्ज तुमचा चुकला. पण शिनाण्याला पट्टा नाही, नुसती नोंदणी, हे तुमचं बरोबर आहे. माझी बँक पट्ट्याच्या कागदावरच आली. तो नसता तर मलाही चहा पाजून घरी पाठवलं असतं.

खाडीतला करोडपती:
मग ओखा? पगडीकाकांचं ओखामंडळ?

खाडीची लेक:
कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे तराफा टाकून बघा, फोटो नक्की टाका.

श्रीखंडवाले आजोबा:
आपल्या सूरसागर तलावात लावा. महादेवाचा पुतळा मध्यभागी आहेच, राखणदार नको.

झिंगावाला जंबुसर:
सूरसागरकाठचे, एक कामाचं सांगतो. चतुःसीमेत "पाणी" लिहू नका. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश लिहा, जवळच्या किनाऱ्यावरच्या गट नंबरापासून अंतर लिहा, नकाशा जोडा आणि वर सरपंचाची सही घ्या.

सूरसागरकाठचा:
दुसऱ्या वेळी तसंच दिलं. नकाशाची प्रिंट काळी आली म्हणून परत आला. तोवर पावसाळा लागला, खाडीचं पाणी गोडं झालं. चाळीस दोर मेहुणीच्या पडवीत टांगलेत, सुकलेले शिनाणे खडखड वाजतात.

खाडीतला करोडपती:
ठीक आहे, पोस्ट सुधारली. "तीन महिन्यांत" काढून "लवकरच" केलं. साठ टक्क्यांपुढे "काहींना" घातलं.

सूरसागरकाठचा:
आणि "जागा सरकार देतं"?

खाडीतला करोडपती:
ते राहू द्या ने काका, शीर्षकात आहे.