मदत हवी आहे: वर्किंग लाइन घ्यावी की शो लाइन? रविवारपर्यंत सांगायचंय

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. दोन ठिकाणी पिल्लं बघून आलोय. एक ब्रीडर म्हणतो त्याची वर्किंग लाइन आहे (म्हणजे कामासाठी निवडलेलं घराणं), दुसरीकडच्या बाई म्हणतात त्यांची शो लाइन (प्रदर्शनासाठी निवडलेलं). दोघांनाही रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय, नाहीतर पिल्लू दुसऱ्याला जाईल. वाचून वाचून डोकं भणाणलंय. कुणी म्हणतं शो लाइन निव्वळ शोभेची, कुणी म्हणतं वर्किंग लाइन घरात ठेवूच नये. आमच्याकडे कायम कुत्री होती, त्यामुळे 'कुत्रा म्हणजे जबाबदारी' वगैरे कृपया नको. कुठली लाइन चांगली एवढंच सांगा.

कडुलिंब
जात कोणती?

रानमोगरा
जात, घरात कोण कोण आहे, दिवसभर कोण असतं, आणि कुत्र्याकडून काय काम अपेक्षित आहे, एवढं लिहा. त्याशिवाय कुणी काय सांगणार?

धुकं_आणि_मेंढ्या
जात कुठलीही असो, वर्किंगच घ्या. आमच्याकडे बॉर्डर कॉली आहे, मेंढ्या हाकणारी जात, आणि हा फरक या जातीत जितका ठसठशीत दिसतो तितका कुठेच नाही. इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी १९०६ पासूनची. तिथे कुत्र्याची किंमत तो मेंढ्या कशा हाकतो यावर ठरते, कान उभे आहेत की पडलेले हे कुणी विचारत नाही. अमेरिकन केनेल क्लबने (तिकडची जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) १९९५ साली ही जात शोसाठी घेतली तेव्हा मेंढपाळीवाल्या लोकांनी कडाडून विरोध केला होता, आणि बरोबरच केला. एकदा केसांना आणि चेहऱ्याला गुण मिळायला लागले की कामाकडे कोण बघतंय? आमची कुत्री सायकलवरचं पोर दिसलं की मान खाली घालते, पोट जमिनीला टेकेल इतकी वाकते आणि नजर रोखून एकेक पाय सरकवत पुढे जाते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, पिढ्यान् पिढ्या निवडीतून आलंय. शोच्या कॉलींमध्ये हे फिकट होत चाललंय.

पाऊलवाट
जर्मन शेफर्ड हो! वर्किंग-शो म्हटल्यावर शेफर्डच ना? घरी मी, बायको, मुलगी. काम म्हणजे घरचा कुत्रा, आणि जमलं तर माग काढण्याचं ट्रेनिंग द्यायची माझी फार इच्छा आहे. आता तरी सांगा.

कडुलिंब
नाही, फक्त शेफर्ड नाही. लॅब्रेडॉर, कॉकर, स्प्रिंगर, सेटर, हस्की, सगळ्यांत ही फाटाफूट आहे. पण शेफर्डचं गणित थोडं वेगळं, म्हणून सविस्तर लिहितो.

माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी १८९९ मध्ये जर्मनीत शेफर्डची संस्था काढली आणि होरांड नावाच्या कुत्र्याची पहिली नोंद केली. त्यांचा आग्रह सुरुवातीपासून उपयुक्ततेवर होता. त्यातूनच शुत्झहुंड ही परीक्षा आली, तिलाच आता आयजीपी म्हणतात: माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग. त्या संस्थेच्या नियमांप्रमाणे प्रजननाची पूर्ण परवानगी हवी तर शो लाइनच्या कुत्र्यालाही कामाची परीक्षा, खुब्यांचा आणि कोपरांचा एक्स-रे आणि तज्ज्ञांची पाहणी यातून जावं लागतं. म्हणजे जर्मन शो लाइन 'काम न करणारी' नव्हे. फरक भर कशावर दिला याचा आहे. शोवाल्यांनी चाल, बांधा आणि काळा-तांबडा रंग धरून निवड केली. वर्किंगवाल्यांनी चिकाटी, जबड्याची पकड आणि मनाचा दणकटपणा धरून. अमेरिकन शो लाइन ही आणखी तिसरी गोष्ट, तिथे कामाची परीक्षा न देताही चॅम्पियन होता येतं.

तर प्रश्न असा: दोन्हीकडच्या आईबापांच्या कागदांवर काय लिहिलंय?

साखरझोप
इतके पैसे घालून पिल्लू विकत घ्यायचंच कशाला? निवाराकेंद्रांत किती जीव घराची वाट बघत असतात. लाइन बघून कुत्रा घेणं म्हणजे वस्तू घेणं झालं. मी तीन दत्तक घेतलेत, तिन्ही एकाहून एक गुणी.

धुकं_आणि_मेंढ्या
साखरझोप, तुमच्या तिघांचं कौतुकच आहे, पण त्यांनी हे विचारलेलं नाही. ज्याला माग काढायला शिकवायचंय त्याने आईबाप बघितले तर त्यात वस्तू मानण्यासारखं काय?

साखरझोप
माग कुठलाही कुत्रा काढतो. नाक सगळ्यांनाच असतं.

रानमोगरा
नाक असतं, पण अर्ध्या तासाने वास फिका पडल्यावरही खाली मान घालून चालत राहायची इच्छा सगळ्यांना नसते. हीच तर निवडीतून येते. असो, दत्तक-विकत यावर वेगळा धागा काढूया, तिथे मीही लिहीन.

शिलेदार
शो लाइन अजिबात नको. त्यांची पाठ घसरगुंडीसारखी उतरती असते आणि मागचे पाय लटपटतात. २०१६ मध्ये क्रफ्ट्सला, ब्रिटनमधल्या त्या मोठ्या श्वान-प्रदर्शनात, जो शेफर्ड जातीत पहिला आला त्याच्या चालीवरून केवढा गदारोळ झाला होता. वर्किंगची पाठ सरळ. विषय संपला.

रानमोगरा
विषय असा संपत नाही. फोटोत दिसणारा उतार काही अंशी उभं करण्याच्या पद्धतीचा असतो. एक मागचा पाय लांब मागे, दुसरा पोटाखाली घ्यायला लावतात, त्यामुळे कंबर खाली जाते. त्याच कुत्र्याला मोकळं उभं राहू द्या, उतार बराच कमी होतो. मात्र मागच्या पायांचे कोन काही शो घराण्यांत खरोखरच अति झालेत, हेही तितकंच खरं. म्हणून फोटो बघू नका. आई कुत्रीला सैल पट्ट्यावर चालवायला सांगा आणि मागून बघा. मागचे घोटे आत एकमेकांकडे वळत असतील, पाऊल डगमगत पडत असेल, तर कागद कितीही चकचकीत असोत, उठून या.

आणि सरळ पाठ म्हणजे निरोगी खुबा असं समीकरण नाही. हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा दोष, वर्किंग लाइनमध्येही होतो. तो बाहेरून दिसत नाही, एक्स-रेतच कळतो, आणि अधिकृत एक्स-रे वर्षभराच्या आत घेत नाहीत. आठ आठवड्यांच्या पिल्लाबद्दल कुणी 'खुबे एकदम ओके' म्हणत असेल तर त्या बोलण्याला अर्थ नाही. आईबापांचे निकाल मागा. ए किंवा बी श्रेणी (निर्दोष किंवा जवळपास निर्दोष) असली तर उत्तम. शिवाय डीजनरेटिव्ह मायलोपॅथीची डीएनए चाचणी दोघांपैकी कुणाची झाली आहे का तेही विचारा. त्या आजारात उतारवयात मागचं अंग हळूहळू लुळं पडतं.

खादाड_लॅब
अवांतर: आमच्या लॅब्रेडॉरांत उलटंच आहे. शोवाले जाडजूड, बसक्या बांध्याचे. फील्डवाले उंच, सडसडीत आणि दिवसभर पळणारे. आणि लॅब सारखे भुकेलेले असतात याला कारण आहे. पीओएमसी नावाच्या जनुकातला एक तुकडा काहींत गळालेला असतो, २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी ते दाखवलं. मदतनीस कुत्र्यांत तो बदल जास्त आढळला. बहुतेक खाण्याच्या आशेने ते लवकर शिकतात म्हणून निवडले जात असावेत. पाऊलवाट, तुम्ही लॅबचा विचार का नाही केलात? लहान मुलीसाठी फार छान.

पाऊलवाट
लॅब नको, शेफर्डच घ्यायचाय. कडुलिंब, कागदांचे फोटो काढलेत. वर्किंगवाल्याकडे बाप सेबल रंगाचा (केसांची टोकं काळी), आई काळी, वंशावळीत पणजोबाच्या नावापुढे शुत्झहुंड ३ (सर्वांत वरची पायरी) आहे. आईबापांच्या नावापुढे काहीच नाही. एक्स-रेचं विचारलं तर म्हणाला, "आमच्या लाइनमध्ये हा त्रासच नाही." बाईंकडे दोघांच्याही पुढे आयजीपी १, खुबे आणि कोपरं नॉर्मल असा शेरा, आणि पाहणीचं वर्षही आहे. पण ती शो लाइन ना? मला माग काढायला शिकवायचंय.

कडुलिंब
पाऊलवाट, तुमचं उत्तर याच कागदांत आहे. ज्याला 'वर्किंग' म्हणताय त्या घरात गेल्या दोन पिढ्यांत कुणी काम केल्याचा पुरावा नाही, आणि जिला 'शो' म्हणताय तिथे आईबाप दोघांनीही माग काढण्याची परीक्षा दिलेली आहे. सेबल रंग म्हणजे वर्किंग असं नसतं. पणजोबाचा गुण पिल्लापर्यंत पोचायचा तर मधल्या पिढ्यांत कुणीतरी तो पारखून ठेवावा लागतो. आयजीपी १ ही पहिली पायरी आहे, डोक्यावर घेण्यासारखी नाही, पण घरचा कुत्रा अधिक हौसेचं माग-काम याला पुष्कळ झाली.

शिलेदार
आयजीपी १ नावापुरतं उरकतात बरेच शोवाले, ओळखीच्या मैदानावर. मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही कागदावर फार विसंबताय.

कडुलिंब
उरकणारे आहेत, मान्य. म्हणून तर मैदानावर सराव बघायला जायचं. पण काहीच न देणाऱ्यापेक्षा काहीतरी दिलेला बरा की नाही?

शिलेदार
माझा कुत्रा बिनकागदाचा आहे आणि मैदानावरच्या अर्ध्या कुत्र्यांना भारी पडतो.

रानमोगरा
तो तुमचा एक कुत्रा. एका कुत्र्यावरून अख्ख्या घराण्याचं भविष्य सांगता येत नाही.

पाऊलवाट, माझ्याकडे खऱ्या वर्किंग घराण्यातली मादी आहे, दोन्हीकडून परीक्षा दिलेले आईबाप. ती घरात कशी असते ते सांगते. मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आले की ती उठते. परत गेले की उठते. बेल वाजली की दारापाशी पोचलेली असते, आणि पाहुणे बसल्यानंतरही कान दाराकडेच. स्वतःहून शांत बसणं तिला येत नव्हतं, ते चटईवर बसवून, थोडं थोडं वाढवत शिकवावं लागलं. वर्षभर आमचं घर या एका गोष्टीभोवती फिरत होतं. मैदानावर मात्र तिच्यासारखं सुख नाही. सरावात चावायला दिलेली चिंधी धरली की पूर्ण जबड्याने, दाढांपर्यंत आत घेऊन, आणि सोडायचं नाव नाही. हे सगळं मला हवं होतं म्हणून आणली. तुम्हाला हवंय का, हा प्रश्न आहे. तुमची मुलगी किती वर्षांची? आणि "कुत्री होती" लिहिलंत, सध्या घरात कुणी आहे का?

पाऊलवाट
मुलगी दोन वर्षांची. हो, एक म्हातारी आहे, अकरा वर्षांची शेफर्ड मादी, खुब्यांचा त्रास आहे, औषधं चालू आहेत. दिवसभर बायको घरी असते. ती म्हणते शांत पिल्लू बघा. पण शांत म्हणजे मंद नको ना.

रानमोगरा
हे दोन्ही अगदी सुरुवातीला हवं होतं! शांत आणि मंद यात मोठं अंतर आहे. पुन्हा बघायला जाल तेव्हा पिल्लांपासून चार पावलांवर किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका. सगळीच दचकतील, दचकू द्यात. कोण परत येऊन त्या किल्ल्या हुंगतं ते बघा. जे काही सेकंदांत येतं ते तुमचं. जे कोपऱ्यात जाऊन बसतं आणि बाहेरच येत नाही ते दोन वर्षांच्या मुलीच्या घरात नको. आणि जे येऊन थेट किल्ल्या उचलून पळतं तेही तुमच्याकडे नको, ते मला द्या. एकाच वेतात हे तिन्ही प्रकार निघतात. म्हणून लाइन ठरवून झाली तरी पिल्लू ठरवणं बाकी राहतंच.

खादाड_लॅब
किल्ल्यांची युक्ती आवडली. पिल्लं झोपेतून नुकती उठलेली किंवा पोटभर जेवलेली असताना करू नका, तेव्हा सगळीच थंड असतात.

पाऊलवाट
बाईंना फोन केला. स्वतःहून म्हणाल्या, मैदानावर या, आईचा सराव बघा. वर्किंगवाल्याला एक्स-रेचं परत विचारलं तर म्हणाला घ्यायचं तर घ्या. तिथलं नक्की रद्द. पण बाईंकडे फक्त माद्या उरल्यात. आमची म्हातारीही मादी. चालेल का? रविवार जवळ आलाय.

धुकं_आणि_मेंढ्या
चालतं हो, पिल्लू लहानपणापासून सोबत वाढलं की काही होत नाही.

कडुलिंब
इतकं सरसकट सांगू नका. दोन माद्या वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहतातही, पण एकदा जुंपली तर त्यांची भांडणं नरांपेक्षा चिवट असतात. इथे तर एकीला उठायला त्रास होतोय. वर्ष-दीड वर्षाने धाकटी ताकदीला येईल तेव्हा म्हातारी बारा-तेरा वर्षांची असणार. भांडण नाही झालं तरी पिल्लाने अंगावर उडी घेतली की दुखऱ्या खुब्याला धक्का बसतोच. घेतलंत तर पहिल्या दिवसापासून मध्ये जाळीचं दार लावा. म्हातारीला एक खोली अशी द्या जिथे पिल्लू कधीच जाणार नाही. जेवण वेगळं, खेळणी वेगळी, आणि दोघींना एकटं सोडायचं नाही. वहिनी दिवसभर दोन वर्षांच्या मुलीबरोबर हे सांभाळू शकतील का, हे त्यांना विचारा, आम्हाला नको.

नर हवा असेल तर बाईंना पुढच्या वेताचं विचारा. चांगला ब्रीडर यादीत नाव लिहून घेतो.

पाऊलवाट
विचारलं. पुढचं वेत पावसाळ्यानंतर, बाप तोच. नरासाठी नाव लावलंय. बायकोचंही हेच म्हणणं पडलं. तोवर दर शनिवारी सराव बघायला या म्हणाल्यात, माग काढताना पिल्लाला सुरुवातीला काय शिकवतात तेही दाखवणार आहेत. रविवारची वाट न बघता आत्ताच दोघांना कळवतोय.