ॲक्सेसचा डेटाबेस विंडोज 7 वरून 11 वर नेला: टेबलं सापडत नाहीत, नावं रोमन दिसतात

ग्रंथपेटी:
वाचनालयाची सभासद नोंद आणि पुस्तकांची देवघेव ॲक्सेस 2007 (मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधला डेटाबेस प्रोग्रॅम) मध्ये आहे. दोन एमडीबी (ॲक्सेसच्या डेटाबेसच्या) फाइली: पुढची (फॉर्म, रिपोर्ट, कोड) 22 एमबी, मागची (नुसती टेबलं) 840 एमबी. जुना संगणक विंडोज 7, नवा विंडोज 11, त्यावर 64-बिट ऑफिस. दोन्ही फाइली पेनड्राइव्हने नव्याच्या डॉक्युमेंट्समध्ये टाकल्या. आता तीन अडचणी:

1. पुढच्या फाइलीतून कुठलंही टेबल उघडलं की पाथ वैध नाही असा संदेश.
2. मागची थेट उघडली तर नावांच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. मजकूर श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला आहे.
3. बटण दाबलं की कोड 64-बिटसाठी सुधारा, असा एरर.

डेटा करप्ट झालाय का? जुना संगणक चालू आहे, पण त्यावर नोंदी थांबवल्यात.

टेबलवाला:
करप्ट नाही. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकेक घ्या.

आधी कॉपी नीट आहे का ते पाहा. जुन्या यंत्रावर ॲक्सेस पूर्ण बंद करा आणि मागच्या फाइलीशेजारी त्याच नावाची एलडीबी फाइल उरली नाही ना, हे बघा. ती कुलपाची फाइल. असेल तर डिलीट करून पाहा. डिलीट होत नसेल तर कोणीतरी आत आहे. अशा वेळी कॉपी केली तर अर्धवट लिहिलेली पानं सोबत येतात. नव्याने कॉपी करा आणि नव्या यंत्रावर उघडण्याआधीच पेनड्राइव्हवरची आणि डिस्कवरची फाइल कमांड प्रॉम्प्टमध्ये एफसी कमांडला (दोन फाइली ताडणारी) बी स्विच लावून, म्हणजे fc /b ने, ताडून घ्या. एकदा उघडली की फाइल बदलू शकते, मग ताडण्यात अर्थ नाही.

पाथचं कारण असं की पुढच्या फाइलीत प्रत्येक लिंकसोबत मागच्या फाइलीचा पूर्ण पत्ता साठवलेला असतो. जुन्यावर ती डी ड्राइव्हवरच्या ज्या फोल्डरात होती, हुबेहूब तेच फोल्डर नव्यावर करा, काम झालं. डी ड्राइव्हच नसेल तर एक्स्टर्नल डेटा टॅबवर लिंक्ड टेबल मॅनेजर, सगळी टेबलं निवडून रीलिंक, म्हणजे नवा पत्ता द्या.

आणि फाइली डॉक्युमेंट्समधून काढा. विंडोज 11 वर ते फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हच्या ताब्यात असतं. चालू डेटाबेस सिंकमध्ये ठेवणं म्हणजे आज ना उद्या 'कॉन्फ्लिक्ट कॉपी'.

बिटबाबा:
तिसऱ्याचं: 2007 फक्त 32-बिटमध्येच होतं, त्यामुळे कोडमधल्या विंडोजच्या फंक्शनांच्या डिक्लेअर ओळी (बाहेरचं फंक्शन वापरण्याची घोषणा) 64-बिटमध्ये अडतात. प्रत्येक डिक्लेअर शब्दानंतर पीटीआर-सेफ (PtrSafe) लिहा, आणि हँडल किंवा पॉइंटर (मेमरीतले पत्ते वा खुणा) ठेवणारे व्हेरिएबल लाँगऐवजी लाँगपीटीआर (LongPtr) करा. सरसकट सगळे लाँग बदलू नका, साध्या आकड्यांचे तसेच राहू द्या. कोडात जेट 4.0 प्रोव्हायडरचं (डेटाबेसशी जोडणारा जुना घटक) नाव असेल तर तो 64-बिटमध्ये नाहीच, तिथे एस (ACE) 12.0 घाला.

पण खरं सांगू? एवढा खटाटोप कशाला. 64-बिट विंडोजवर 32-बिट ऑफिस उत्तम चालतं. आधीचं काढून 32-बिट टाका (दोन्ही एकत्र नांदत नाहीत). फॉर्मवर जुनं कॅलेंडर कंट्रोल असेल तर मात्र तेवढं बदलावं लागेल, ते ॲक्सेस 2010 पासून गेलं.

लिपीकार:
नावांचं: डेटाबेसमध्ये मराठी अक्षरं कधी नव्हतीच. रोमन संकेतांवर फॉन्टने मराठी आकार चढवलेले होते. नव्या यंत्रावर तोच फॉन्ट (परवान्यासह सॉफ्टवेअर) टाकला की फॉर्ममध्ये नावं दिसतील. टेबल थेट उघडल्यावर तरीही रोमन दिसलं तर घाबरू नका, तिथला डेटाशीटचा फॉन्ट वेगळा असतो.

युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत) न्यायचं असेल तर ते वेगळं काम, स्थलांतर पूर्ण झाल्यावरच करा. सभासद क्रमांक आणि नाव असे दोन कॉलम बाहेर काढा, पण कन्व्हर्टरमधून (श्री-लिपीचं युनिकोड करणारं साधन) फक्त नाव घाला. क्रमांक गेला तर 1204 चा १२०४ होतो आणि परत जोडताना एकही नोंद जुळत नाही. त्याच कॉलममध्ये कोणी इंग्रजीत टाइप केलेली नावं असतील तर ती आधी वेगळी करा, नाहीतर 'Joshi' चंही काहीतरी भलतंच मराठी होऊन बसेल.

परत आणताना नवा कॉलम करा, जुना पुसू नका. टेक्स्ट इम्पोर्टमध्ये ॲडव्हान्स्ड बटणाखाली कोड पेज यूटीएफ-8 (युनिकोड साठवण्याचा प्रकार) निवडा. कॉलमची लांबी वाढवा: 'क्ष' युनिकोडमध्ये तीन जागा खातो (क, हलन्त, ष), त्यामुळे 30 अक्षरांच्या कॉलममध्ये लांब नावांची शेपटं तुटतात. तशी तुटली तर ॲक्सेस इम्पोर्ट एरर्सचं टेबल आपोआप बनवतं, ते उघडून बघाच. शेवटी रफार, ऱ्हस्व इकार आणि 'ऱ्य' असलेली नावं डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर हमखास चुकतात ते इथेच.

ग्रंथपेटी:
पत्ता तोच ठेवला, 32-बिट टाकलं, दोन्ही सुरळीत. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइल आटोपशीर आणि दुरुस्त करणं) आत्ता करू का? आणि रोजचा बॅकअप?

टेबलवाला:
आधी कच्ची कॉपी बाजूला, मग कॉम्पॅक्ट. बिघडलेल्या फाइलीवर कॉम्पॅक्ट चालवलं तर न वाचता आलेल्या ओळी तो गाळू शकतो. डिस्कवर फाइलीएवढी मोकळी जागा हवी, कारण तो नवी प्रत लिहितो. नंतर एमसिस-कॉम्पॅक्ट-एरर नावाचं टेबल उगवलं का पाहा आणि प्रत्येक टेबलच्या नोंदींची संख्या जुन्या यंत्राशी जुळवा.

रोज संध्याकाळी सगळे बाहेर पडल्यावर मागची फाइल तारखेच्या नावाने कॉपी करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे यादी आपोआप लागते. शेवटच्या सात प्रती आणि दर महिन्याची एक ठेवा. एक प्रत वाचनालयाच्या इमारतीबाहेर. पुढची फाइल कोड बदलला तरच. महिन्यातून एकदा एखादी प्रत दुसऱ्या फोल्डरात उघडून त्या दिवशीची शेवटची देवघेव सापडते का ते बघा. फाइल 2 जीबीला पोचली की ॲक्सेस पुढे लिहू देत नाही. तुमची अजून निम्म्याच्या आत आहे.