मदत हवी आहे: आईचा खुबा मोडलाय. आईबाबांना नौपाड्यातच ठेवावं की ऐरोलीला आणावं?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आई ७४ वर्षांची, बाबा ८१. ठाण्यात, नौपाड्यात जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा मी शाळेत असल्यापासून सुरू आहेत, तेव्हा तो विषय सोडूनच द्या. मी नवी मुंबईत ऐरोलीला राहते. नवरा आणि मी दोघंही नोकरीवाले, मुलगा दहावीला. बहीण कोल्हापुरात, तिच्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

गेल्या आठवड्यात आई मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि खुबा मोडला. ठाण्यातल्याच एका खाजगी रुग्णालयात ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदललाय. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी केली, चार पावलं टाकली. दोन-तीन दिवसांत घरी सोडतील. बिल माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममधून जातंय, तरी हातमोजे, डायपर आणि कसली कसली किट्स आपल्याच खिशातून.

आता अडचण. आई दवाखान्यात म्हणून मी बाबांसोबत नौपाड्यात राहतेय. रात्री उठून विचारतात, "ही कुठे गेली?" सांगितलं की "हो हो, माहितीये मला" म्हणतात आणि पहाटे परत तेच. सकाळच्या गोळ्या डबीत तशाच. दूधवाल्याचं बिल त्यांनी दोनदा दिलं, दुसऱ्यांदाचे पैसे त्यानेच आणून दिले. काल चहा ठेवायला गेले आणि बर्नर न पेटवताच गॅस चालू करून बाहेर येऊन बसले. आईला विचारलं तर म्हणते, "अगं ते पहिल्यापासूनच वेंधळे आहेत, मी असते ना बघायला."

तर विचारायचंय ते असं. आईला लिफ्ट हवी, म्हणजे ऐरोली सोयीची. पण बाबा नवीन जागेत रुळतील का? नौपाड्यातच ठेवायचं तर आईला तीन जिने चढवायचं कसं? आणि सांभाळायला मावशी ठेवायची तर १२ तासांची की २४? ७० वर्षांवरच्यांचं ते पाच लाखांच्या उपचारांचं सरकारी कार्ड घरच्या नर्ससाठी चालतं का? मावशी पुरवणाऱ्या ब्युरोचे अनुभव असतील तर तेही सांगा.

– रेवा_ऐरोली

कोपरीकर: जिन्याचं टेन्शन घेऊ नका. रुग्णवाहिका ठरवताना आधीच सांगायचं की तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, वर चढवायला माणसं लागतील. मजल्यामागे वेगळे पैसे घेतात, ते फोनवरच ठरवा, दारात घासाघीस नको. जुन्या इमारतींच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. हाताची भक्कम खुर्ची, पोटावरून चादर बांधायची, दोघं खाली दोघं वर. माझ्या वडिलांना असंच नेलं होतं. प्लॅस्टिकची खुर्ची मात्र अजिबात नको.

सांधेवाला: मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यातच घरोघरी जातो. ताई, आई कुठेही गेल्या तरी ही तयारी त्या घरी पोहोचायच्या आत हवी. कमोड उंच लागेल. त्यावर बसवून उंची वाढवणारी बैठक (रेझर) मिळते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची आणा. सोफा, दिवाण, पाट सगळं बंद. बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर येता कामा नये, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. ऑपरेशन कुठल्या बाजूने केलंय त्यावर पथ्य थोडं बदलतं, म्हणून सर्जनकडून नेमकं लिहून घ्या. पायपुसणी गोळा करून माळ्यावर टाका. पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या किती दिवस, हे डिस्चार्ज कार्डावर आहे का ते बघा.

अजून एक. घरातल्या घरात पडून खुबा मोडतो तेव्हा हाडं ठिसूळ झालेली असतात. सांधा बसला की सगळे खूश होतात आणि ठिसूळपणाचं औषध सुरू करायचं राहूनच जातं. दुसरा खुबा शिल्लक आहे, म्हणून या औषधाचं डॉक्टरांना जरूर विचारा.

पलंग, वॉकर विकत घेऊ नका. जुन्या ठाण्यात रुग्णोपयोगी साहित्य अनामत ठेवून देणाऱ्या संस्था आहेत, सोसायटीतल्या ज्येष्ठांना विचारलंत तर लगेच कळेल.

अनुस्वार: ब्युरोबद्दल. पैशांआधी हे विचारा: मावशीच्या सुट्टीला बदली कोण देणार, आणि पहिली पटली नाही तर दुसरी किती दिवसांत? पोलीस पडताळणीचा कागद हातात घ्या, "झालीये हो" यावर जाऊ नका. स्वयंपाक, धुणं ठरलं असेल तर तेही कागदावर. २४ तासांची मावशी म्हणजे २४ तास जागी असलेली मावशी नव्हे, तिलाही झोप लागते. आमच्याकडे रात्री आईला उठवायला मावशी आणि मावशीला उठवायला मी!

पेन्शनर७२: कार्डाचं मी सांगतो, माझं आणि सौ.चं काढून झालंय. आयुष्मान वय वंदना, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. ७० पूर्ण असली की झालं, उत्पन्नाची अट नाही. आधारवरून आयुष्मान अॅपवर घरबसल्या निघतं, पण आधारला मोबाइल नंबर जोडलेला पाहिजे. पाच लाख वर्षाला, पण कुटुंबातल्या सगळ्या सत्तरीपारांत मिळून. म्हणजे आईबाबांचे मिळून पाच, प्रत्येकी नव्हे. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. सीजीएचएसवाल्यांना (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) मात्र दोन्हीतलं एक निवडावं लागतं. जुन्या आजारांसाठी थांबायची अट नाही.

आता न चालणारं. रुग्णालय योजनेत असलं तरच, आणि दाखल झालात तरच. ओपीडी नाही, मावशी नाही, घरची नर्स नाही. झालेल्या ऑपरेशनचे पैसे मागून मिळत नाहीत. तरी आजच काढून ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, आधी त्याला गाठायचं, मग केसपेपर.

रेवा_ऐरोली: सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला नाही, आता कळलं. माझा कल ऐरोलीकडे झुकतोय. इथे लिफ्ट आहे, कमोड आहे. कळव्याहून विटाव्याच्या पुलाखालून रोज ये-जा करायची तर पावसाळ्यात माझेच हाल. आईला ऐरोलीला आणते आणि बाबांना थोडे दिवस बहिणीकडे कोल्हापूरला पाठवते, असं मनात आहे. म्हणजे एका वेळी एकच पेशंट.

जुईनगरची_काकू: रेवा, थांब गं जरा. धाग्याचं नाव तू आईच्या खुब्यावरून दिलंयस, पण मला जास्त काळजी बाबांची वाटतेय. आईचं काय करायचं ते ठरलेलं आहे. व्यायाम, पथ्य, दीड-दोन महिन्यांत काठीवर येतील. बाबांचं काय झालंय हे अजून कोणी तपासलेलंच नाही.

आमच्याकडे उलट होतं. सासूबाईंचं विसरणं सासरे झाकत होते. मुद्दाम नाही गं. फोन आला की तेच उचलणार, भाजी तेच आणणार, नाव आठवलं नाही की तेच पुढचं बोलणार. पन्नास वर्षांच्या संसारात एक दुसऱ्याची काठी कधी होतो हे बाहेरच्याला दिसतच नाही. सासरे बायपासला दाखल झाले आणि आम्हाला कळलं की सासूबाईंना साधा कुकर लावता येत नाहीये. तुझी आई "मी असते ना" म्हणाली, ते वाचून मला तेच आठवलं.

कोल्हापूरला तर मुळीच पाठवू नकोस. आई नाही, घर नाही, सगळंच अनोळखी. आई जिथे, बाबा तिथे.

स्पष्टवक्ता: काकूंशी सहमत, पण मग दोघांनाही ऐरोलीला आणावं. ८१ व्या वर्षी गॅस उघडा टाकणाऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर मावशीच्या भरवशावर ठेवणं म्हणजे भावनेच्या भरात जुगार. स्वतःची नोकरी आणि मुलाची दहावी यांचाही विचार करा. मुलीने सगळं करायचं आणि वर अपराधीही वाटून घ्यायचं, ही पद्धत बंद व्हायला हवी.

कोपरीकर: @स्पष्टवक्ता, ऐरोलीच्या सेक्टरांत मी स्वतः मित्राची बिल्डिंग अजून चुकतो, सगळ्या सारख्याच. तिथे बाबा खाली उतरले आणि वळण चुकले तर? नौपाड्यात किराणावाला, न्हावी, इस्त्रीवाला, सगळे त्यांना ओळखतात. दूधवाल्याने जादा पैसे परत आणून दिले, हे वाचलंत ना? ऐरोलीत नवा दूधवाला आणून देईल?

स्पष्टवक्ता: दूधवाला रात्री दोनला गॅस बंद करायला येणार नाही.

रात्रपाळी: मी नर्स आहे. भांडण नंतर करा, आधी तपासणी. रेवाताई, विसरणं म्हणजे डिमेन्शियाच असं नाही. बी१२ कमी, थायरॉइड, सोडियम कमी, ऐकू न येणं, उदासपणा, यानेही माणूस असाच वागतो आणि यातलं बरंचसं सुधारतं. झोपेची किंवा सर्दीची गोळी स्वतःच्या मनाने घेत असतील तर डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी स्मरण आणखी बिघडतं. न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ आधी प्रश्न विचारून स्मरणशक्ती तपासतात, मग रक्त, लागलं तर स्कॅन. कधीपासून काय बदललं याची टिपणं घेऊन जा आणि आईला बाबांपासून वेगळं गाठून विचारा. त्यांच्यासमोर ती खरं सांगणार नाही. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची जुनी संस्था आहे, तिथेही चौकशी करा.

आईवरही लक्ष ठेवा. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना अचानक भ्रम होतो, संध्याकाळी जास्त. बाबांचं हळूहळू आलंय. आईचं एका दिवसात आलं तर लघवीचा संसर्ग, पोट साफ नसणं, औषध, काहीतरी कारण असतं. लगेच डॉक्टरांना कळवा.

रात्री सिलेंडरचा रेग्युलेटर बंद, चहाला इंडक्शन. बाबांच्या खिशात नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी.

पेन्शनर७२: एक कटू पण कामाचं. बाबांना समजतंय तोवर बँकेची खाती जोडनावावर आणि नॉमिनी नीट करून घ्या, मृत्युपत्र राहिलं असेल तर तेही. मुखत्यारपत्रावर विसंबू नका, देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते चालत नाही. पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना जिने उतरवू नका, चेहऱ्यावरून मोबाइलवर होतो. आणि १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट. माहिती नीट देतात.

रेवा_ऐरोली: काकू, तुमचा प्रतिसाद वाचून आज आईशी एकटीने बोलले. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, वर्षभरापूर्वी बाबा गोखले रोडवरून घरी यायचा रस्ता विसरले होते, ओळखीच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. "तुला कशाला सांगायचं, तू लगेच आम्हाला तिकडे नेलं असतंस." यावर काय बोलणार?

ठरलंय असं. आईचे टाके निघेपर्यंत आणि ती जिना चढायला लागेपर्यंत दोघंही नौपाड्यात. दिवसा मावशी, रात्री सध्या मी, शनिवार-रविवार नवरा आणि मुलगा. आई दाराबाहेर पडायला लागली की ऐरोलीचा विचार, तोही बाबांचं निदान हातात आल्यावर. स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा पटलाय, म्हणूनच गॅसची शेगडी आजच बंद करून टाकली. बाबा चिडले, पण इंडक्शनवरचा चहा प्यायले.

एकच अडलंय. डॉक्टरकडे चला म्हटलं की "मला काय धाड भरलीये?" आईच्या फॉलोअपला सोबत म्हणून नेऊन तिथेच दाखवावं का?

रात्रपाळी: फसवून नेलंत तर पुढच्या वेळी येणार नाहीत. कानापासून सुरुवात करा. ऐकू कमी येतं का हे तसंही तपासायचंच आहे आणि कानासाठी जायला माणसाला कमीपणा वाटत नाही. रक्ताचे नमुने घरी येऊन घेतात. ते रिपोर्ट आले की "डॉक्टरांना दाखवून येऊ" म्हणणं सोपं जातं.

रेवा_ऐरोली: कानाचं म्हटल्यावर लगेच तयार झाले! म्हणाले, "तुझी आईच हल्ली हळू बोलते." मंगळवारची वेळ घेतलीये. नौपाडा, पाचपाखाडी भागात दिवसपाळीची खात्रीची मावशी किंवा चांगला ब्युरो कोणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आईची अट आहे, स्वयंपाकघरात शिरणारी नको.