हजेरी नको, हातातलं काम बघा

कैद्यांना हातकाम शिकवायचं तर वर्षभराचा अभ्यासक्रम आणि शेवटी एकच परीक्षा ठेवावी, अशी एक सूचना आहे. तुरुंगात ते टिकणार नाही असं मला मनापासून वाटतं. कोर्टाची तारीख, बदली, अचानक जामीन. वर्ग मध्येच तुटतो. त्यापेक्षा छोटे टप्पे ठेवा. फळीचं माप अचूक घेता आलं, वायरचा जोड घट्ट बसला, की तेवढ्याची नोंद लगेच. अपूर्णांकही मोजपट्टी हातात देऊनच शिकवावेत. फळ्यासमोर मोठी माणसं गप्प होतात. नोंद कैद्याबरोबर पुढच्या तुरुंगात जायलाच हवी. संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत (कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम, २०१५) १०४ वा नियम आहे: कैद्यांचं शिक्षण शक्य तितकं देशाच्या शिक्षणव्यवस्थेशी जोडावं, म्हणजे सुटल्यावर ते विनासायास पुढे नेता येईल. आणि हो, प्रमाणपत्रावर तुरुंगाचं नाव अजिबात नको.