मोरचुदाचं (निळं कॉपर सल्फेट) मोलर मास 249.6 येतंय, मित्र म्हणतो 159.5, नक्की चुकतंय कुठं?

अकरावीतला_एक:
दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता अकरावी सायन्स सगळं इंग्लिशमधून, त्यामुळे मोल कन्सेप्ट (मोल म्हणजे डझनासारखा, कणांचा एक ठरलेला मोठा आकडा) अजून डोक्यात बसला नाहीये. गणित असंय की मोरचुदाचे 0.05 मोल घेतले, वजन भरलं 12.48 ग्रॅम, तर मोलर मास किती. मी आधी 0.05 भागिले 12.48 केलं तर 0.004 आलं, मग उलटं केलं तर 249.6. मित्र म्हणतो कॉपर सल्फेटचं 159.5 असतं, तुझी दोन्ही चूक.

पाटी_पेन्सिल:
मोलर मास म्हणजे अख्ख्या एका मोलचं वजन, बास. 0.05 रुपया म्हणजे पाच पैसे, असे 20 घेतले की रुपया होतो ना, तसंच इथं 12.48 वीस वेळा घेतलं की मोल भरतो, आले 249.6. कशाला कशानं भागायचं हे विसरायला होत असेल तर युनिट बघ, ग्रॅम पर मोल, ग्रॅम वर मोल खाली. आणि 0.004 बघूनच शंका यायला हवी होती रे, सगळ्यात हलका हायड्रोजन वायूसुद्धा मोलला 2 ग्रॅम भरतो.

रिकामी_परीक्षानळी:
मित्रपण चुकला नाहीये, तो पांढऱ्या कॉपर सल्फेटचं सांगतोय, तांबं 63.5 + गंधक 32 + चार ऑक्सिजन 64. निळ्या खड्यात दर कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू अडकलेले असतात, पाण्याचा एक मोल 18 ग्रॅम, 5 गुणिले 18 म्हणजे 90, मिळव, 249.5, म्हणजे जवळपास तुझंच उत्तर. लॅबमध्ये खडा तापवून बघ, नळीच्या तोंडाशी थेंब जमतात आणि खाली पांढरी भुकटी उरते, गार झाल्यावर थेंबभर पाणी टाकलं की परत निळी. तुझे 12.48 ग्रॅम पूर्ण तापवले तर 7.98 उरतील, उडालेलं 4.5 ग्रॅम पाणी म्हणजे 0.25 मोल, 0.05 च्या बरोब्बर पाचपट. (नळीचं तोंड जरा खाली झुकवून धर, नाहीतर थेंब गरम काचेवर ओघळून नळी तडकते. मी एक घालवलीये.)

अकरावीतला_एक:
आत्ता पेटली ट्यूब! आमची द्राक्षबाग आहे, बोर्डोसाठी (मोरचूद आणि चुन्याची बुरशीवरची फवारणी) मोरचुदाच्या पिशव्या कायम पडलेल्या असतात. 90 भागिले 249.5 केलं, किलोमागे 360 ग्रॅम नुसतं पाणी?? पप्पांना सांगितलं तर म्हणाले, मग काय भाजून आणू का.

पाटी_पेन्सिल:
घरी भाजू नका हां, विषारी असतं. आणि तसंही एक टक्का बोर्डो करताना त्या किलोला 100 लिटर पाण्यातच जायचंय.